बोलायला कॉलेजात काय शिकायचं?

बी-२०४: सगळ्यांना नमस्कार 🙏 जरा सल्ला हवाय. लेकीची बारावी झाली, आता एफवायबीएची ॲडमिशन. तिला कम्युनिकेशन घ्यायचंय. पत्रकारिता नव्हे, भाषण, संवाद, वादविवाद, मुलाखत हे सगळं. घरात दोन तट पडलेत. आजोबा म्हणतात, बोलायला शिकायला फी कशाला भरायची? ती मात्र हटून बसलीय. सोसायटीच्या ग्रुपवर शिकवणारी, नोकरी देणारी माणसं आहेत, म्हणून विचारते.

ए-५०२: वहिनी, आजोबांचं अगदीच चूक नाही. बोलणं अंगात असावं लागतं. आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा व्हायच्या, त्यात जी मुलं तयार झाली ती झाली. डिग्री घ्यावी ती नोकरी मिळवून देणारी.

डी-७०१: दादा, मी कंपनीत भरतीचं बघते. इंजिनीअर मुलं समोर बसतात. ‘तुझा प्रोजेक्ट काय होता?’ विचारलं की सॉफ्टवेअरची नावं सुरू. तो कुणासाठी केला, अडचण काय होती, ती सुटली का, हे खोदून खोदून काढावं लागतं. काम चांगलं केलेलं असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. निव्वळ कम्युनिकेशनच्या डिग्रीवर आमच्याकडे जागा फार निघत नाहीत, हेही खरं. पण दुसऱ्या विषयाच्या जोडीला ते असलं की उमेदवार उठून दिसतो.

बी-२०४: सर, तुम्ही आयुष्यभर कॉलेजात शिकवलंत. तुम्ही सांगा ना.

सी-१०३: ताई, आत्ताच वाचलं. जरा लांब लिहितो.
स्पर्धा वेगळी आणि अभ्यास वेगळा. स्पर्धेत विषय आधी कळतो, भाषण घरचं कुणीतरी लिहून देतं आणि मूल ते ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून हातवाऱ्यांसकट पाठ करतं. समोर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अभ्यासात सुरुवातच तिथून होते. ऐकणारा कोण? त्याला काय ठाऊक आहे? तो कुठे अडेल? मग मुद्द्यांचा क्रम, पुरावा, आवाज.
आणि ऐकणं! वादविवादाच्या तासाला माझा नियम होता: उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, आणि तो ‘हो, मी हेच म्हणत होतो’ म्हणाला तरच पुढे बोलायचं. सुरुवातीला वर्ग नुसता अडखळायचा. हुशार मुलं जास्तच, कारण समोरचा बोलत असताना ती मनात स्वतःचं उत्तर जुळवत बसलेली असायची.
अमेरिकेत हा विषय इंग्रजी विभागाच्या एका कोपऱ्यात पडून होता. १९१४ साली १७ प्राध्यापक इंग्रजीच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी भाषण शिकवणाऱ्यांची वेगळी संघटना काढली. तीच आजची नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन. तिथल्या अनेक विद्यापीठांत शाखा कोणतीही असो, भाषणाचा एक कोर्स करावाच लागतो. आपल्याकडे ‘संवादातील अडथळे स्पष्ट करा’ असं लेखी उत्तर लिहून, तोंड न उघडता पास होता येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ए-५०२: सर, पण मुळात मूल लाजरं असेल तर?

सी-१०३: त्याच्यासाठीच तर वर्ग हवा. दोन-दोन मिनिटं बोलायचं, ओळखीच्या मुलांसमोर, पुन्हा पुन्हा. भीती सगळी जात नाही, पण ती वाटत असतानाही बोलता येऊ लागतं.

ए-३०४: सरांना अनुमोदन. आम्ही डॉक्टर झालो तेव्हा हे कुणी शिकवलं नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आलं, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद. वाईट बातमी सांगण्याची ‘स्पाइक्स’ नावाची सहा टप्प्यांची पद्धत आहे. त्यातला दुसरा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रिपोर्ट हातात असला तरी आधी विचारायचं, ‘तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?’ पेशंट म्हणतो, ‘साधी गाठ आहे म्हणाले.’ मग कळतं, किती मागून सुरुवात करायची ते. हे कुणाच्या अंगात नसतं, शिकावंच लागतं.

बी-६०३: आमच्या विमानाच्या धंद्यात तर हा धडा माणसं गमावून शिकलाय. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. धुकं, एकाच धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७. केएलएमच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी मिळाली असं धरून विमान धावपट्टीवर पळवायला सुरुवात केली. टॉवर आणि पॅन ॲमचे वैमानिक रेडिओवर एकाच वेळी बोलले, त्यामुळे महत्त्वाचं तेच नीट ऐकू गेलं नाही. त्याच्याच फ्लाइट इंजिनीअरने शंका काढली, दुसरं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना? कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली. तो एवढा ज्येष्ठ, इंजिनीअरने पुन्हा विचारलं नाही. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. पुढे ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं. वरिष्ठाला शंका कशी सांगायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, याचं ट्रेनिंगही सुरू झालं. आज आम्हा केबिन क्रूलाही ते करावंच लागतं.

बी-२०४: सगळ्यांचे आभार. आजोबांना वाचून दाखवलं. ते विचारतायत, कॉलेज नीट शिकवतं की नुसत्या नोट्स देतं, हे ओळखायचं कसं?

सी-१०३: फार योग्य प्रश्न! सिलॅबसमध्ये प्रात्यक्षिकाला किती मार्क आहेत ते बघा. वर्गात मुलं किती आणि एका सेमिस्टरमध्ये प्रत्येकाला किती वेळा उभं राहून बोलायला मिळतं, ते विचारा. भाषण रेकॉर्ड करून मुलाला दाखवतात का, हेही. लेखी पेपरच असेल तर तिथे घेऊ नका, स्पष्ट सांगतो.

बी-२०४: काका, मी मुलगी बोलतेय, आईच्या फोनवरून. सकाळी कॉलेजला फोन केला होता. तिथे कम्युनिकेशन मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेतलं तर लेखीच जास्त आहे. मायनरला, म्हणजे जोडविषयाला, प्रात्यक्षिक आहे, आणि बॅच छोटी.

सी-१०३: मग मायनर घे. मेजर कोणता मनात आहे?

बी-२०४: मानसशास्त्र.

सी-१०३: उत्तम जोडी आहे. फॉर्म भरायच्या आधी एक तास मागे बसू देतात का विचार. बाई किंवा सर किती वेळ बोलतात आणि मुलं किती वेळ, एवढंच बघून ये.