मदत हवी आहे: मिरियम नुसतं 'ऊ ऊ' करतेय, शब्द म्हणत नाही

ओवीच्या_शोधात (मंगळवार, रात्री ११:४२)
नमस्कार मंडळी. मिरियम बसवली, चालू झाली, आवाजही येतोय. पण ओळ लिहिली की शब्दांच्या जागी सगळीकडे 'ऊ'. मधेच एकदा 'मे' म्हणते. तीन रात्री गेल्या यात. शुक्रवारी कॉलेजात ऐकवायचं आहे. माहीत असेल त्यांनी लवकर सांगा. मॅन्युअल वाचलंय, ते परत वाचायला सांगू नका.

जुनी_टेप (मंगळवार, रात्री ११:५८)
कोणती मिरियम? २००४ची, झिरो-जी कंपनीची, व्होकॅलॉइड या गाणाऱ्या सॉफ्टवेअरवरची? विंडोज कोणतं? ओळ कोणती, कोणत्या लिपीत लिहिली, किती नोटांवर पसरली? यातलं काहीच पोस्टमध्ये नाही. अंदाजाने काय सांगणार?

पेटीमास्तर (बुधवार, सकाळी ६:१०)
गायिका नवशिक्या दिसतात. ऊकारात आवाज कोंडतो. त्यांना पंधरा दिवस पहाटे आकारात खर्ज लावायला सांगा, आणि शब्द आधी तालाशिवाय वाचून घ्या. माझ्या विद्यार्थ्यांना याचा हमखास गुण आला आहे.

ओसाकाकर (बुधवार, सकाळी ७:२५)
मिरियम कशाला? या प्रकारातली पहिली हात्सुने मिकू. आमच्याकडे इथे शाळेतली पोरंसुद्धा तिच्यासाठी गाणी रचतात. किंवा सरळ युटाऊ घ्या. फुकट आहे आणि स्वतःचा आवाज भरता येतो. मराठी अक्षरं स्वतः रेकॉर्ड केलीत की सगळा प्रश्नच मिटला.

ओवीच्या_शोधात (बुधवार, सकाळी ८:०५)
पेटीमास्तर काका, हे सॉफ्टवेअर आहे. आवाज मात्र खऱ्या गायिकेचा, मिरियम स्टॉकली यांचा. त्यांच्या आवाजाचे तुकडे साठवलेत, आपण सूर आणि शब्द द्यायचे.
जुनी टेप, हो, तीच. मामाच्या स्टुडिओतली सीडी, एक्सपीचा जुना लॅपटॉप. पण याचा काय संबंध, चालू तर होतेय ना! ओळ मीच रचलेली आहे, आजीच्या जात्यावरच्या चालीत: 'चांदणं दळिते माय माझी'.
ओसाकाकर दादा, शुक्रवारपर्यंत आवाज कधी भरू? आणि मला मिरियमच हवी आहे.

जुनी_टेप (बुधवार, सकाळी ९:१५)
लिपीचं उत्तर अजून दिलं नाहीत, पण 'मे'वरून कळलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलंत. 'माय'साठी एम-ए-वाय लिहिलंत, तो तिला मे महिना वाटला. बाकीचे शब्द तिच्या कोशात नाहीत. शब्द सापडला नाही की ती 'ऊ' धरते. बिघाड काहीच नाही.
ओसाकाकर, मिकू ३१ ऑगस्ट २००७ची, तीही व्होकॅलॉइड २ वर. लिऑन आणि लोला हे व्होकॅलॉइडचे आवाज जानेवारी २००४मध्ये आले, मिरियम त्याच वर्षी जुलैत, मेइको नोव्हेंबरात. लिऑन-लोलाचे गायक कोण ते जाहीरच केलं नव्हतं. गायिकेच्या नावानिशी विकला गेलेला पहिला आवाज मिरियमचा.

ओसाकाकर (बुधवार, सकाळी ९:४०)
तारखा मान्य. पण लोकांपर्यंत पोचवलं मिकूनेच. आणि खरंच पहिलं शोधायचं तर १९६१ला बेल लॅब्समध्ये संगणकाने 'डेझी बेल' हे गाणं म्हटलं होतं.

जुनी_टेप (बुधवार, सकाळी ९:५२)
ते कोणाच्या गळ्यावरून नव्हतं. केली आणि लॉकबॉम यांनी घशाच्या नळीचं गणित मांडलं होतं, साथ मॅक्स मॅथ्यूज यांची. यामाहाने बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाबरोबर २०००मध्ये सुरू केलं ते निराळं काम. माणसाने गायलेल्या आवाजातून एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जातानाचा सांधा कापून ठेवायचा, ताणलेले स्वर वेगळे ठेवायचे, आणि मग सूर बदलून ते जोडायचे. म्हणूनच मिरियमकडे इंग्रजीतले सांधे आहेत, मराठीतले नाहीत. ओवीवाले, तुमची खरी अडचण इथून पुढे आहे.

वकील_नाशिक (बुधवार, दुपारी १:३०)
आवाज वापरायची परवानगी घेतली आहे का? जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने आदेश दिला होता. एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध ते प्रकरण होतं. सांभाळून.

सायली_ठाणे (बुधवार, दुपारी २:०५)
दोन्ही गोष्टी एक कशा? इथे गायिका स्वतः माइकसमोर उभ्या राहून, गाणी करायला म्हणूनच आवाज देऊन गेल्यात. मला या प्रकाराचं मोल तिथेच वाटतं. संगीतकार कार्ल जेंकिन्स यांच्या 'आदिएमस'च्या १९९५च्या पहिल्या अल्बममध्ये मुख्य आवाज स्टॉकली यांचाच आहे. तिथले शब्द कोणत्याच भाषेतले नाहीत, जेंकिन्स यांनी नुसत्या नादासाठी घडवलेले. अर्थ नसलेली अक्षरं इतक्या मायेने गाणारी बाई ओवी म्हणेल, मला खात्री आहे.

ओवीच्या_शोधात (बुधवार, दुपारी ३:१०)
सायलीताई, 'आदिएमस' मुळेच मला मिरियम हवी होती. आजीच्या ओवीतही कधी कधी नुसता हुंकारच उरतो, शब्द जात्यात जातात.
हो, इंग्रजी अक्षरांतच लिहिलं. त्याशिवाय लिहिता येतच नाही, म्हणून सांगितलं नव्हतं. पुढे काय करू?

जुनी_टेप (बुधवार, दुपारी ४:००)
एका अक्षराला एक नोट. शब्दाच्या खाली ध्वनीची चिन्हं असतात, एक्स-सांपाची, म्हणजे साध्या कीबोर्डच्या अक्षरांत उच्चार लिहायच्या पद्धतीची. शब्द सोडा, तीच बदला.
'माय'ला सोपी वाट आहे. 'माझं' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहा, ती स्वच्छ 'माय' म्हणेल.
'चांदणं'मधला च दाताजवळचा. त्याला इंग्रजी 'चेअर'चा च लावू नका. लहान टी आणि त्यापुढे एस ठेवा. आकाराला कॅपिटल व्ही किंवा कॅपिटल क्यू, दोन्ही ऐकून ठरवा. 'माझी'तला झ इंग्रजी 'जॅम'च्या ज वर भागतो, हकार थोडा कमी पडेल.
आणि टी-एच दिसलं की थ समजू नका. ते 'टॉप'मधलं हवेच्या झोताचं ट आहे, आपल्या ठ च्या जवळचं. 'दळिते'च्या 'ते'ला साधा टी, नाहीतर बाई 'दळिठे' म्हणतील.

सायली_ठाणे (बुधवार, सायं. ५:२०)
साध्या टी ने 'टे' ऐकू येईल. कॅपिटल टी घ्या, 'थिन'मधला. जीभ दातांना तरी लागते.

जुनी_टेप (बुधवार, सायं. ५:३५)
तो सुस्कारा आहे, त चा स्पर्श नाही. संथ चालीत उघडा पडेल.

सायली_ठाणे (बुधवार, सायं. ५:५०)
मग द ला कॅपिटल डी तरी? तोही 'द फादर' मधलाच सुस्कारा. दोन स्वरांच्या मध्ये आखूड ठेवला की द वाटतो, मी स्वतः करून पाहिलंय.

जुनी_टेप (बुधवार, सायं. ६:१५)
द ला चालेल. त ला नाही. ळ साठी साधा एल बघा, इंग्रजीत शब्दाच्या शेवटी येणारा जड ल. एल-शून्य म्हणजे सुरुवातीचा हलका ल. ण विसरा, न वर भागवा.

पेटीमास्तर (बुधवार, रात्री ८:३०)
यंत्र आहे हे आता समजलं, गैरसमजाबद्दल क्षमा. तरी एक सांगतो. ओवीत सुरावरून सुरावर घसरत जायचं असतं, पेटीसारखं सूर सुटे ठेवले तर ओवी राहत नाही. त्याची सोय आहे का?

जुनी_टेप (बुधवार, रात्री ८:४५)
मास्तर, नेमकं विचारलंत. पिच बेंडची, म्हणजे सूर वर-खाली ओढायची, रेघ हाताने काढायची. लांब नोटांवरचा व्हायब्रेटो, म्हणजे सुराचा कंप, आधी काढून टाका, नाहीतर ओवी चर्चमध्ये जाऊन बसेल. आणि सुरुवातीला एक माप मोकळं ठेवा. स्वर ठोक्यावर यावा म्हणून ती व्यंजन नोटेच्या आधी उच्चारते. पहिली नोट अगदी कडेला असेल तर च कापला जातो.

ओवीच्या_शोधात (गुरुवार, रात्री १:२०)
झालं! म्हणजे जवळजवळ. 'माय' पहिल्या फटक्यात आलं, अंगावर काटा आला. 'चां' टी-एस ने, आकार कॅपिटल क्यू ने. द ला सायलीताईंचा कॅपिटल डी, 'ते'ला जुन्या टेपचा साधा टी. थोडं 'टे' वाटतं, पण सुस्काऱ्यापेक्षा बरं. ळ मात्र जमला नाही. साध्या एलच्या पुढे इ आला की सांधा तुटतो आणि 'दल-इते' असं ऐकू येतं. मग एल-शून्यचा हलका ल ठेवला. आजीला फोनवर ऐकवलं, तिने 'दलिते नाही, दळिते' म्हणून लगेच दुरुस्त केलं, आणि पुढची ओळ स्वतः म्हणून दाखवली. ती रेकॉर्ड करून घेतली आहे. शुक्रवारी आधी मिरियम, मग आजी, असं ऐकवणार आहे.
पिच बेंड मास्तरांच्या सांगण्यावरून 'माय'वर खाली ओढलाय. तो किती ओढला म्हणजे फार होतो, हे कोणी सांगेल का? सकाळपर्यंत जागा आहे.

पेटीमास्तर (गुरुवार, पहाटे ५:४०)
निषादावरून धैवतापर्यंत, त्याखाली नको. आणि उतरताना घाई नको.