मिनिआपोलिसमधील पहिला हिवाळा : मुलाच्या घराची निगा कशी राखावी?

राजारामपुरीकर

नमस्कार. माझ्या मुलाने या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहरात स्वतःचे घर घेतले आहे. घर १९५६ सालचे आहे. खाली तळघर, वर उतरते छप्पर, त्यावर डांबरी शिंगल्स (कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या पट्ट्या) आणि तळघरात गॅसवर चालणारी, सारे घर तापवणारी फर्नेस अशी त्याची रचना आहे. आजवर तो भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असल्यामुळे बर्फ उपसण्यापासून फर्नेसच्या दुरुस्तीपर्यंत सारे घरमालक पाहत असे. आता ते सगळे त्याच्या अंगावर आले आहे आणि मुलगा-सून दोघेही नोकरी करतात. मी आणि माझी पत्नी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे जाऊन मार्चअखेरपर्यंत राहणार आहोत. दिवसभर घरात आम्हीच असू, तेव्हा घराकडे लक्ष ठेवण्याचे काम आपल्याला जमावे, असे मला मनापासून वाटते.

माझे बहुतेक आयुष्य कौलारू घरात गेले. वळवाचे दोन पाऊस झाले की माणूस बोलावून कौले चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, पन्हळी झाडायच्या आणि हे सगळे मिरगाच्या आधी उरकायचे, हे वडिलांनी आमच्या अंगवळणी पाडले होते. पण जिथे जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरीनेच उणे १३-१४ अंश सेल्सिअस असते, तिथे घराला नेमके कशापासून जपायचे, हे मला कळत नाही. बर्फाच्या वजनाने छप्पर खचते का? मुलाने कुठून तरी तीसेक कामांची यादी काढली आहे. परंतु त्यातले कोणते काम टाळले तर काय बिघडते, हे तिच्यावरून समजत नाही. तिकडे राहिलेल्या मंडळींनी कामामागचे कारण सांगितले तर फार उपकार होतील, कारण या वयात यादी पाठ होत नाही, पण कारण समजले की लक्षात राहते.

जुना पॅटर्नमेकर, उद्यमनगर

राजारामपुरीकर, मी मिनेसोटात अकरा हिवाळे काढून २०१९ साली कोल्हापूरला परतलो. त्याआधी उद्यमनगरात पॅटर्नच्या कामात होतो, म्हणून कारण त्याच अंगाने सांगतो. बिडाच्या कास्टिंगसाठी पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचा नमुना, करताना आपण तो मापापेक्षा सुमारे एक टक्का मोठा ठेवतो, कारण ओतलेले बीड थंड होताना आटते. पाणी नेमके उलटे वागते. ते गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि बंद पाइपमध्ये फुगायला जागा मिळाली नाही की तांब्याची नळीसुद्धा उभी चिरते. तिकडच्या घराची निम्मी निगा या एका गोष्टीभोवती फिरते. वजनाची भीती आपल्याला वाटते तेवढी नसते, कारण तिकडची छपरे बर्फाचा भार धरूनच बांधलेली असतात.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी बागेचा रबरी होज बाहेरच्या नळाला तसाच लावून ठेवला होता. हिवाळाभर काहीच घडले नाही. एप्रिलच्या अखेरीस झाडांना पाणी घालावे म्हणून नळ उघडला, तर बाहेर करंगळीएवढी धार आली आणि आत तळघराच्या छतातून पाणी कोसळू लागले. भिंतीच्या आत, नळापासून वीतभर अंतरावर, नळीला बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती. थंडीसाठी केलेल्या त्या प्रकारच्या नळात पाणी अडवणारी चकती भिंतीच्या आत, उबदार बाजूला असते आणि तिच्या पुढची नळी उताराने रिकामी व्हावी अशी योजना असते. पण होज लावलेला राहिला की ते पाणी बाहेर पडत नाही, तिथेच गोठते. नळ बंद असेपर्यंत त्या भागात दाबाचे पाणी नसल्यामुळे ती चीर महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात आली नाही. म्हणून तुम्ही पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात होज काढून गुंडाळून ठेवा, त्या नळाचा आतला वाल्व असेल तर तो बंद करा आणि बाहेरचा नळ उघडून उरलेले पाणी निथळू द्या. पाच मिनिटांचे हे काम आहे, पण ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवे.

दुसरी गोष्ट छपराची, आणि ती समजून घ्यायला थोडा वेळ द्या. छपरावर बर्फ असतो आणि त्याच्या खाली माळा असतो, ज्याला तिकडे ॲटिक म्हणतात. घरातली उबदार हवा दिव्यांच्या भोकांतून, पाइपांच्या फटींतून आणि माळ्याच्या झाकणाच्या कडेने वर शिरली की छपराची मधली बाजू तापते आणि तिथला बर्फ तळातून वितळू लागतो. ते पाणी उतारावरून वळचणीकडे येते. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली घराची ऊब नसते, म्हणून पाणी तिथे पुन्हा गोठते. असे रोज थोडे थोडे होत गेले की वळचणीला बर्फाचा बांध तयार होतो आणि मागून येणारे पाणी त्या बांधाला अडून, शिंगल्सच्या खालून उलटे वर चढून घरात उतरते. शिंगल्स काय किंवा आपली कौले काय, ती वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असतात. तुंबलेल्या पाण्यापुढे त्यांचा इलाज नसतो. वळचणीला लोंबणाऱ्या लांबच लांब बर्फाच्या सुळ्यांचे लोक कौतुकाने फोटो काढतात. मला मात्र ते दिसले की त्या घरातली ऊब छपरातून निसटते आहे असेच वाटते.

यावरचा खरा उपाय माळ्यात आहे. आधी सगळ्या फटी बुजवायच्या आणि मग वर जाड इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारे साहित्य, पसरायचे. त्या थंडीसाठी आर-४९ ते आर-६० इतकी क्षमता सांगितली जाते (आर म्हणजे ऊब अडवण्याचे माप) आणि ती गाठायला साहित्याप्रमाणे चौदा ते वीस इंचांचा थर लागतो. १९५६ सालच्या घरात मुळात इतके असण्याची शक्यता कमी आहे, म्हणून मुलाला पट्टी घेऊन वर चढायला सांगा. बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यातच सोडलेली नाही ना, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे. यंदा इन्सुलेशनचे काम होणार नसेल तर लांब दांड्याचे छपराचे फावडे आणून ठेवा आणि जमिनीवर उभे राहून वळचणीचा तीन-चार फुटांचा बर्फ प्रत्येक बर्फवृष्टीनंतर खाली ओढा. शिडीवर चढून हातोडीने बर्फ फोडू नका. शिंगल्सही फुटतात आणि माणूसही पडतो.

पन्हळी मात्र तुमच्या ओळखीच्या आहेत. फरक इतकाच की त्या पावसाआधी नव्हे, तर झाडांची पाने पूर्ण गळल्यावर साफ करायच्या, आणि उतरत्या नळीचे तोंड घराच्या पायापासून चार-सहा फूट लांब सोडायचे, नाहीतर मार्चमध्ये वितळलेले सगळे पाणी तळघरात येते.

शाहूपुरीची लेक, टोरांटो

काका, पॅटर्नमेकर काकांनी बाहेरचे पाणी सांगितले, मी घरातल्या वाफेबद्दल लिहिते, कारण आपल्या लोकांच्या घरात हा प्रश्न हमखास येतो आणि यादीत तो सहसा सापडत नाही.

माझे आई-बाबा पहिल्यांदा हिवाळ्यात आले तेव्हा आईने सवयीप्रमाणे तळघरात दोरी बांधून धुणे वाळत घातले. दोन्ही वेळा भात, आमटी, आठवड्यातून दोनदा इडल्या, आणि आवाज होतो म्हणून चुलीवरचा पंखा बंद. दहा दिवसांत खिडक्यांच्या काचा आतून ओल्या राहू लागल्या, सकाळी काचेच्या खालच्या कडेला बर्फाची पांढरी किनार दिसू लागली आणि जानेवारीच्या अखेरीस पडद्यामागच्या चौकटीवर काळी बुरशी धरली. घर घट्ट बंद असते, वाफेला बाहेर जायला वाट नसते, आणि ती सगळ्यात थंड जागा शोधून तिथे पाणी होऊन बसते. म्हणून स्वयंपाक करताना पंखा लावावा आणि तो हवा खरोखर घराबाहेर टाकतो की फक्त गाळून परत सोडतो, हे मुलाकडून समजून घ्यावे. अंघोळीनंतरही वीसेक मिनिटे बाथरूमचा पंखा चालू ठेवावा. एक साधा आर्द्रतामापक बैठकीत ठेवला की अंदाज येतो. हिवाळ्यात घरातली आर्द्रता ३० ते ४० टक्के ठीक असते, पण बाहेर कडाक्याची थंडी पडली की तीही कमी करावी लागते. ओठ फुटतात म्हणून लोक हवेत ओल सोडणारा ह्युमिडिफायर वाढवत नेतात आणि काचा ओल्या झाल्या तरी बंद करत नाहीत, ते टाळावे.

फर्नेसचा फिल्टर तुम्ही स्वतः बदलू शकाल. एक इंच जाडीचा असेल तर दर महिन्याला काढून उजेडासमोर धरून पाहावा. पलीकडचा उजेड दिसेनासा झाला की बदलायची वेळ झाली. फिल्टरच्या कडेवर छापलेला बाण हवेच्या वाटेने, म्हणजे फर्नेसकडे तोंड करून असावा. तो तुंबला की फर्नेस धापा टाकत चालते, तापून मध्येच बंद पडते आणि घर गार राहते. वर्षातून एकदा तंत्रज्ञाला बोलावून फर्नेस तपासून घ्यायचे काम मात्र सप्टेंबरमध्येच करायला मुलाला सांगा, कारण पहिली थंडी पडल्यावर कोणालाच वेळ नसतो.

राजारामपुरीकर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. वळचणीचे कारण वाचून मी पत्नीलाही वाचून दाखवले आणि धुण्याची दोरी आमच्या सामानातून तिने स्वतःच काढून ठेवली.

दोन शंका आहेत. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे बारा दिवस कॅलिफोर्नियाला सुनेच्या भावाकडे जाणार आहोत. तेवढे दिवस फर्नेस बंद ठेवून गॅस वाचवावा, असा माझा विचार होता. तो योग्य आहे का? दुसरे असे की, मी ६६ वर्षांचा आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, परंतु रोज पहाटे रंकाळा तलावाला एक फेरी मारतो. दारातला बर्फ मी उपसला तर चालेल का?

नागाळा पार्क, निवृत्त परिचारिका

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते. कृपया उपसू नका. रंकाळ्याची फेरी हा पायांचा, सवयीचा व्यायाम आहे. बर्फ उपसताना हातांवर एकाएकी जोर येतो, माणूस नकळत श्वास रोखतो, आणि थंड हवेने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. या तिन्हींमुळे रक्तदाब झपाट्याने चढतो. ओला बर्फ दिसतो त्यापेक्षा कितीतरी जड असतो. मुलालाही सांगा की बर्फ उचलून फेकण्याऐवजी ढकलावा आणि पडत असतानाच थोडा थोडा काढावा. मिनिआपोलिसमध्ये बर्फ पडायचा थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरचा पदपथ मोकळा करण्याचा नियम आहे, त्यामुळे तुम्ही दिवसभर घरी असाल तेव्हा हात शिवशिवतील, हे मला समजते. पायऱ्यांवर भरड वाळू टाकण्याचे काम तुम्ही घ्या. साधे मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, आणि मिनेसोटाचे प्रदूषण नियंत्रण खाते सांगते की चमचाभर मीठ सुमारे १९ लिटर पाणी कायमचे बिघडवते.

जुना पॅटर्नमेकर, उद्यमनगर

पहिल्या शंकेवर माझे मत ठाम आहे : फर्नेस बंद करू नका. घराचे तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट १३ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे त्यांच्या ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका. ३० जानेवारी २०१९ रोजी मिनिआपोलिसला पहाटे उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत पारा उतरला होता. अशा थंडीत फर्नेस बंद असलेले घर काही तासांत गोठू लागते.

जाताना मुख्य पाण्याचा वाल्व बंद करा आणि सगळ्यात खालचा व सगळ्यात वरचा नळ उघडून नळ्या रिकाम्या करा. मग फर्नेस बंद पडली तरी नुकसान थोडक्यात राहते, कारण फुटलेल्या नळीतून बारा दिवस पाणी वाहत राहत नाही. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवा, म्हणजे घरातली ऊब नळीपर्यंत पोहोचते. शेजाऱ्याला किल्ली देऊन दोन दिवसांतून एकदा आत डोकावायला सांगा.

त्या शेजाऱ्याला आणि तुम्हालाही एक जागा नीट दाखवून ठेवायला हवी. नव्या पद्धतीची फर्नेस असेल तर तिच्या दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेल्या असतात. एकीतून ती हवा घेते, दुसरीतून धूर सोडते. वाऱ्याने बर्फाचा ढीग तिथे साचून तोंडे बुजली की बहुधा फर्नेस आपोआप बंद पडते, पण धूर घरात परतण्याचा धोकाही राहतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; डोके दुखते, मळमळते आणि माणूस त्याला थंडीचा त्रास समजून झोपून राहतो. मिनेसोटाच्या कायद्याने प्रत्येक झोपण्याच्या खोलीपासून दहा फुटांच्या आत त्याचा अलार्म असावा लागतो. बटण दाबून तो वाजतो का ते पाहा आणि मागे छापलेली तारीखही पाहा, कारण त्या यंत्राचे आयुष्य पाच ते दहा वर्षांचेच असते. तो वाजला तर कारण शोधत बसू नका. दोघेही तसेच बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. मोठा बर्फ पडला की तुम्ही पहिली फेरी दारातल्या पायऱ्यांकडे नव्हे, त्या नळ्यांकडे मारा. हातानेही तो बर्फ बाजूला होतो, त्याला फावडे लागत नाही.

राजारामपुरीकर

काल रात्री मुलाला फोन करून हे सगळे सांगितले आणि फोन चालू असतानाच त्याला तळघरात पाठवले. दोन पांढऱ्या नळ्या उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंचीवर निघाल्या. त्यांच्यासमोर आधीच्या मालकाने लावलेले झुडूप वाढले आहे, ते या शनिवारी तो काढणार आहे. झोपण्याच्या खोलीबाहेरचा अलार्म वाजला, पण त्याच्यामागची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. मुख्य वाल्व वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. तो गंजून इतका बसला आहे की दोन्ही हातांनीही फिरला नाही. जोर लावून तुटला तर काय, या विचाराने मी त्याला थांबवले. प्लंबर पुढच्या मंगळवारी येत आहे.