पोहाळे लेणी आणि पन्हाळ्यावरची पागा, एका दिवसात होतंय का?

रंकाळाकाठ:
मंडळी, रविवारी पुण्याहून बहीण येतीय, सोबत नऊ वर्षाचा भाचा. त्याला घोड्यांचं लई वेड, महाराजांचे घोडे गडावर कुठं बांधायचे हे फोनवर दहा वेळा विचारून झालंय. बहिणीला जुनी लेणी, विहार असलं बघायचं असतं. अंबाबाई, न्यू पॅलेस सगळं झालंय त्यांचं. सकाळी पोहाळे करून मग पन्हाळा असं जमंल का? आणि गडावर पागा म्हणून काय शिल्लक आहे का? गाडी आहे, पण आईचे गुडघे दुखतात.

डोंगरवाट:
आरामात होतंय की. पोहाळे जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, तिथनं पन्हाळा जवळच. लवकर निघा, ऊन चढायच्या आत लेणी बघा. विहार म्हणजे बौद्ध भिक्खूंचं राहायचं ठिकाण, मधे खांबांचं दालन, कडेनं बारक्या खोल्या, सगळं कातळातच कोरलेलं. फोटो काढून लगेच पळू नका, एखाद्या खोलीत पाच मिनिटं गप्प बसा, बहिणीला तेच आवडंल. बॅटरी न्या. आईंना चालायचं जड वाटलं तर गाडीपाशीच थांबू दे.

गडकरी_करवीर:
पागा आहे! पन्हाळ्यावर रेडेमहाल कुठाय विचारा. नाव ऐकून लोकं पुढं जातात, पण ती आडवी लांब इमारत मुळात घोड्यांची पागा, पुढं लोकांचे रेडे बांधायला लागले म्हणून तसं नाव पडलं असं सांगतात. पोराला तिथं नीट उभं करा, मोतद्दार म्हणजे घोडे सांभाळणारा खरारा करतोय, घोड्याचं अंग घासतोय, तोबऱ्यात म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत चंदी, म्हणजे घोड्याचं दाणं भरतोय, असं सांगा म्हणजे ते दगड बोलायला लागतात. मग अंबरखाना दाखवा, गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं, त्यात भात, नागली, वरी साठवायचे. 'तीन दरवाजा' नावाचा गडाचा दरवाजा आहे, त्याचं कोरीवकाम आईंनापण बघता येईल. आता २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत आपला पन्हाळा आहे, तरी लोकं झुणका-भाकर खाऊन परत जातात, लई वाईट वाटतं.

शेंडापार्क:
एक विनंती, भिंतीवर कोण नावं कोरताना दिसलं तर तिथंच अडवा. पोरांसमोर सांगितलं की पोरं लक्षात ठेवतात.

रंकाळाकाठ:
जाऊन आलो, सगळ्यांचे मनापासून आभार. आई लेण्यापर्यंत नाही आली, गडावर मात्र सगळीकडं फिरली. बहीण विहारात अर्धा तास बसून होती, हलायलाच तयार नव्हती. भाच्यानं पागेत पावलं मोजली, एका घोड्याला किती जागा लागत असंल याचा हिशोब केला आणि परत येताना गाडीत विचारलं, १६६० ला सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत होता ना, मग एवढे महिने घोड्यांना वैरण कुठनं आणली? माणसांचं अंबरखान्यात होतं, घोड्यांचं काय? मला काय सांगताच आलं नाही. कुणी यावर वाचलं असंल तर लिहा, रात्री त्याचा फोन येणार आहे.