व्यसन आणि दादागिरी रोखण्यासाठी शाळेने वर्षभर नेमके काय करावे?

पालक प्रतिनिधी, कोपरखैरणे (प्रश्न)

नमस्कार. मी माझ्या मुलाच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे. 26 जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनासाठी व्याख्यान, शपथ आणि प्रभातफेरी असा कार्यक्रम ठरत आहे. त्याला माझा विरोध नाही. परंतु मुलांकडून जे कानावर येते, त्याला हा कार्यक्रम पुरा पडेल असे वाटत नाही. दहावीतील काही मुले मधल्या सुट्टीत सातवी-आठवीच्या मुलांकडून पैसे काढून घेतात, शाळा सुटल्यावर त्यांनाच टपरीवर पिटाळतात आणि आणलेल्या माव्यातला चिमूटभर त्यांच्याच तळहातावर ठेवून "खा, नाहीतर उद्यापासून मैदानावर दिसू नकोस" असे बजावतात. शाळेत तक्रारपेटी आहे, पण ती शिक्षक-खोलीच्या दारालाच लागून असल्यामुळे चिठ्ठी टाकणारा सर्वांना दिसतो. फारसा निधी नसताना शाळेकडे आम्ही काय मागावे?

शालेय समुपदेशक, ठाणे

ताई, आपण सांगितलेल्या प्रसंगात दादागिरी आणि व्यसन हे दोन वेगळे विषय राहतच नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी दोन वेगळे दिवस साजरे करण्यात अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने 2018 साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या प्रतिबंधाच्या मानकांमध्ये एकदाच होणारी व्याख्याने, भीती दाखवणारी चित्रे आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांची नुसती मनोगते यांचा विशेष उपयोग होत नाही, असेच म्हटले आहे. उपयोग होतो तो ठरावीक अंतराने होणाऱ्या, मुलांना बोलते करणाऱ्या सत्रांचा, ज्यांत नकार कसा द्यावा, राग आणि ताण कसा हाताळावा यांचा प्रत्यक्ष सराव करून घेतला जातो.

या सत्रांत एक गैरसमज अवश्य काढावा. "सगळेच खातात" असे मुलांना मनापासून वाटत असते. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीत देशातील 13 ते 15 वयोगटातील 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचे आढळले; म्हणजे शंभरातील नव्वदहून अधिक मुले वापरत नाहीत. हा आकडा मुलांसमोर जरूर मांडावा, कारण आपण एकटे पडू या भीतीनेच पहिली पुडी तोंडात जाते.

आपल्याला सर्वाधिक उपयोगी पडेल तो बिहारमधील नालंदा जिल्ह्याचा अनुभव. तेथील 74 सरकारी माध्यमिक शाळांतील नववीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2018 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिपाठातील चर्चा, भित्तिपत्रक, पत्रपेटी, विद्यार्थ्यांचा गट आणि वैयक्तिक समुपदेशन असा कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी, तर काही शाळांत शिक्षकांनी राबवला. समुपदेशक असलेल्या शाळांत दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. हे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, प्रभातफेरीचे फलक आणि टोप्या यांवरचा खर्च वाचवून दोन-तीन शाळांनी मिळून एक व्यक्ती वर्षभरासाठी नेमावी.

आठवीची वर्गशिक्षिका, ऐरोली

वरील अभ्यासावरून शिक्षकांना मुलांची पर्वा नसते, असा अर्थ कृपया काढू नये. जो शिक्षक गुण देतो आणि शिक्षाही करतो, त्याच्याजवळ मूल मन मोकळे करायला कचरते, हे मी रोज अनुभवते. त्यात अभ्यासक्रम, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून वेळ उरत नाही. तरीही एक गोष्ट आमच्याच हातात आहे, ती म्हणजे बघ्यांना तयार करणे. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने विकसित केलेला 'किवा' कार्यक्रम याच विचारावर उभा आहे. त्रास देणाऱ्याला बळ मिळते ते भोवती हसणाऱ्या मुलांमुळे, त्यामुळे काम त्या मुलांसोबत करायचे. मी वर्गात असे प्रसंग करून घेते, तेव्हा "सर बोलावत आहेत, चल" एवढेच म्हणून मित्राला घोळक्यातून बाहेर काढणे मुलांना सहज जमते, तर समोर उभे राहून विरोध करणे बहुतेकांना जमत नाही.

तक्रारपेटी जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीजवळ हलवावी, मात्र स्वच्छतागृहाजवळ नको, कारण मोठी मुले तिथेच ठाण मांडून असतात. किल्ली एकट्या मुख्याध्यापकांकडे न ठेवता शाळेतील मुलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीतील पालक सदस्यासमक्ष पेटी उघडावी.

निवृत्त मुख्याध्यापक, कळवा

टपरीचा प्रश्न शाळेने अंगावर घ्यायलाच हवा. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरपर्यंत, तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करता येत नाही आणि 18 वर्षांखालील व्यक्तीला ते कोठेही विकता येत नाहीत. त्यातील दंड 200 रुपयांपर्यंतच असल्याने दुकानदार त्याला भीक घालत नाहीत. परंतु बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार मुलाला तंबाखू किंवा अमली पदार्थ दिल्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून, त्यात हे कलम नमूद करून, पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत लेखी अर्ज द्यावा व पोचपावती घ्यावी.

तंबाखूबरोबर व्हाइटनर आणि पंक्चरच्या सोल्युशनवरही लक्ष असू द्यावे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचा वापर प्रौढांमध्ये 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के आढळला होता.

पालक प्रतिनिधी, कोपरखैरणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. दहावीच्या त्या मुलांना शाळा सोडल्याचा दाखला द्यावा, अशी काही पालकांची मागणी आहे.

शालेय समुपदेशक, ठाणे

कृपया तसे होऊ देऊ नका. त्या मुलांपैकी एखादे स्वतः व्यसनात अडकलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि शाळा सुटली की त्याच्याभोवती टपरीवरची मंडळीच उरतात. पैसे उकळण्याबद्दल पालकांसमक्ष जाब विचारून नुकसानभरपाई करून घ्यावी, लहान मुलांना संरक्षण द्यावे आणि व्यसनाची तपासणी वेगळी, गोपनीय ठेवावी. पुढील सल्ल्यासाठी 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस दूरध्वनी सेवा आहे. मुलाला तातडीचा धोका असल्यास 1098 वर कळवावे. पालक सभेपूर्वी मुख्याध्यापकांशी एकांतात बोलून घ्या, म्हणजे त्या मुलांची नावे भर सभेत उच्चारली जाणार नाहीत.