स्वस्त तिकीट आणि वैमानिकाची झोप

सांबऱ्याचा प्रवासी:
व्यापाराच्या निमित्ताने मी बेळगावहून वरचेवर विमानाने जातो. स्वस्त विमान कंपन्या कर्मचाऱ्यांना राबवून घेतात, देखभालही स्वस्तात उरकतात आणि त्यामुळे प्रवास धोक्याचा होतो, अशा बातम्या सतत वाचनात येतात. यात तथ्य किती?

निपाणीकर:
देखभालीविषयीचा सूर मला पटत नाही. तिकीट कितीचेही असो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम सर्वांना तेच आहेत. स्वस्ताई साधते ती मुख्यतः एकाच जातीची विमाने बाळगून आणि ती जमिनीवर कमीत कमी वेळ थांबवून. थकव्याचा मुद्दा मात्र खरा आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि 158 जण दगावले. कॅप्टन वाटेत दीड तासाहून अधिक काळ झोपले होते आणि सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास सांगूनही त्यांनी उतरणे थांबवले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले.

खानापूरची:
माझी भाची केबिन क्रूमध्ये आहे. ती सुटीवर आली की दुपारी कुकर लावायचा नाही, असा घरात दंडकच आहे. तिचा भत्ता विमान हवेत असतानाच्या तासांवर ठरतो. प्रवाशांची चढउतार किंवा धुक्यामुळे झालेला खोळंबा त्यात धरत नाहीत. निपाणीकर, वैमानिकांविषयी निदान छापून तरी येते, या मुलींचे हसरे फोटोच तेवढे येतात.

सांबऱ्याचा प्रवासी:
ताई, हे ठाऊक नव्हते. पण विश्रांतीचे नियम तर कडक झाले ना?

निपाणीकर:
वैमानिकांसाठी झाले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली आणि नोव्हेंबर 2025 पासून रात्रीच्या उतरण्यांची मर्यादा सहावरून दोनवर आली. त्यासाठी लागणारी वैमानिकांची तजवीज पुरेशी नसल्याने डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि रात्रीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सवलत द्यावी लागली. माझा आक्षेप इथेच आहे: बॅगांच्या ढिगांचे फोटो पहिल्या पानावर झळकले, पण ज्या थकव्यासाठी नियम केला, त्यासाठीचेच रात्रीचे बंधन पुन्हा सैल झाले, ही बातमी मी ज्या वृत्तपत्रांत वाचली तिथे आतल्या पानावर चार ओळींत होती.