शब्दचर्चा: पोकेमॉन ‘उत्क्रांत’ होतो का?

धागाकर्ती

घरात भांडण लागलंय, निवाडा हवा आहे. धाकटा दहा वर्षांचा, मराठी माध्यमात. रविवारी जेवता जेवता म्हणाला, “आई, माझा चारमँडर उत्क्रांत झाला!” (चारमँडर म्हणजे पोकेमॉन या व्हिडिओ गेममधला एक प्राणी. सोळाव्या लेव्हलला त्याचा चारमिलियन होतो, हे मला आता झोपेतही सांगता येतं.) मोठा यंदा दहावीला. विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. तो ताटावरून ओरडला, “एकटा कधी उत्क्रांत होतो का रे, गाढवा?” धाकट्याचं म्हणणं, स्क्रीनवर ‘इव्हॉल्व्ह’ लिहिलेलं असतं आणि इव्हॉल्व्ह म्हणजे उत्क्रांत, दादाच्याच पुस्तकात आहे.

मी ‘रूपांतर’ सुचवलं. तर म्हणे रूपांतर नाटकाचं असतं. मग मराठीत म्हणायचं काय?

प्रतिसाद १

थोरल्याला माझ्याकडून एक लाडू. तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं, हीच चूक दर वर्षी पेपरात असायची. उत्क्रांती एका जिवाची होत नाही. पिढ्यानपिढ्या एखाद्या प्राण्याच्या समूहात कोणते गुण टिकले, कोणते गळाले, त्यातून तो समूह बदलत जातो. एका जन्मात एकाच जिवाचं शरीर पालटतं त्याला आम्ही ‘रूपांतरण’ शिकवत होतो. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू. बेडकाचं शेपटीवालं पिल्लू बेडूक होतं, तेही त्यातच.

त्या खेळात कॅटरपी नावाची हिरवी अळी आहे ना? नातवाने दाखवली. सातव्या लेव्हलला कोश, दहाव्याला फुलपाखरू. हे तर सरळ रूपांतरण. आणि कृपा करून तिला सुरवंट म्हणू नका. सुरवंट केसाळ, अंगाला लागला की खाज सुटते. ही गुळगुळीत आहे, म्हणून अळी. डोक्यावर लाल शिंग आहे, त्यातून ती घाण वास सोडते असं खेळात लिहिलंय. घरी कढीपत्त्याची कुंडी असेल तर खरी अळी बघा. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. बोटाने हलकेच टोचलं की डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो. खेळ बनवणाऱ्याने अळी नीट पाहिली होती एवढं नक्की.

प्रतिसाद २

पाहिली होतीच, काकू. सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचा, त्या नादातून हा खेळ निघाला. जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 ला आला, तेव्हा 151 प्राणी होते.

शब्दाची गंमत जपानीतच आहे. तिथे खेळात ‘शिन्का’ म्हणतात (शिंका नव्हे!), आणि डार्विनच्या सिद्धांतालाही शिन्काच. म्हणजे घोटाळा इंग्रजी भाषांतराने केलेला नाही, मुळातच आहे. रूपांतरणाला जपानी शास्त्रीय शब्द ‘हेन्ताई’. बोलण्यात तोच शब्द विकृत माणसाला वापरतात. म्हणूनच टाळला असं मी म्हणत नाही, पण पोरांच्या खेळात दर दहा मिनिटांनी तो शब्द झळकतोय, कल्पना करा.

प्रतिसाद ३

जपानी राहू द्या, आपल्याच शब्दाकडे बघा. उत् + क्रम्, म्हणजे वर जाणे, बाहेर पडणे. संस्कृतात ‘उत्क्रान्ति’ म्हणजे जीवाने देह सोडून जाणे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात ‘उत्क्रामन्तं स्थितं वापि’ आहे, तिथे देह सोडून जाणाऱ्या जीवाबद्दलच बोलणं चाललंय. त्या अर्थाने ‘माझा चारमँडर उत्क्रांत झाला’ म्हणजे चारमँडर वारला. सुतकच.

माझी खरी तक्रार त्या ‘उत्’बद्दल आहे. ‘वर’ म्हटलं की जिना डोळ्यांपुढे येतो, खाली माकड आणि वर आपण. विश्वकोशात ‘क्रमविकास’ आहे, तोही विकासच, म्हणजे पुन्हा प्रगती. डार्विनचा 1859 चा ग्रंथ घ्या. पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हा शब्दच नाही, अगदी शेवटचा शब्द तेवढा ‘इव्हॉल्व्ड’. त्याचा आवडता प्रयोग ‘फेरबदलासह वंशपरंपरा’ अशा अर्थाचा. त्यात वर नाही, खाली नाही. पोकेमॉनमध्ये मात्र जिनाच आहे: दुसरा पहिल्यापेक्षा दांडगा, तिसरा त्याहून दांडगा. म्हणून गंमत अशी की ‘उत्क्रांती’ हा शब्द शास्त्रापेक्षा खेळालाच जास्त शोभतो!

प्रतिसाद १

सर, टाळ्या. पण दहावीच्या पेपरात हे लिहू नका म्हणावं.

आणि खेळातला दुसरा गैरसमज. पिचू हा पिकाचूचा ‘पूर्वज’ असं नातू म्हणतो. पूर्वज नव्हे, पूर्वावस्था. आपण बाळ होतो म्हणून बाळ आपलं पूर्वज होत नाही.

प्रतिसाद ४

पूर्वजांचं निघालंच आहे तर ओमनाइट. खेळात दगडातल्या जीवाश्मापासून त्याला परत जिवंत करतात. शंख गुंडाळलेला, म्हणजे ॲमोनाइट, समुद्रातला कधीच नामशेष झालेला शंखवाला जीव. आमच्या देवघरातला शाळीग्राम आजोबांनी गंडकीहून आणलेला, त्याच्या आत तीच चकली आहे. शाळीग्राम म्हणजे बहुतेकदा ॲमोनाइटचा जीवाश्म. ओमनाइटचं पुढचं रूप ओमास्टार. खेळ सांगतो की शंख फार जड झाला, भक्ष्य पकडता येईना, म्हणून तो नामशेष झाला. हे खरं वाटण्यासारखं आहे का?

प्रतिसाद १

नाही. शिंगं फार वाढली म्हणून आयर्लंडचं अजस्र हरीण संपलं, अशीही गोष्ट एके काळी सांगत. वाढणं आवरता येईना आणि त्यातच मेले, हे ऐकायला छान. खरे ॲमोनाइट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर गेले. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या लाव्ह्याचा, तोही साधारण त्याच काळातला. शंखाच्या वजनाला दोष देऊ नका.

प्रतिसाद २

आता माझा मुद्दा. खेळात खरी उत्क्रांती आहे, फक्त तिला उत्क्रांती म्हणत नाहीत! 2016 च्या भागात अलोला नावाची बेटं आहेत, हवाईवरून घेतलेली. तिथला रटाटा नावाचा उंदीर मुख्य भूमीवर जांभळा, अलोलात काळा. का? तिथे रटाटा फार झाले म्हणून यंगूस नावाचे शिकारी प्राणी आणले. यंगूस दिवसा शिकार करतो, म्हणून रटाटा निशाचर झाले, रंगही रात्रीचा आला. जागा बदलली, शत्रू बदलला, समूह बदलला. काकूंची व्याख्या तंतोतंत. पण ह्याला खेळ ‘रीजनल फॉर्म’ म्हणतो, नुसतं रूप. अलोलातला रटाटा विसाव्या लेव्हलला फक्त रात्री पुढचं रूप घेतो, यंगूस विसाव्यालाच पण फक्त दिवसा. इतकं बारीक काम आणि शब्द मात्र उलटा.

2022 च्या भागात विगलेट आहे. डिगलेट जमिनीतून डोकं काढतो, हा समुद्राच्या वाळूतून. दिसायला भाऊ, नातं काही नाही. ह्याला मराठीत काय?

प्रतिसाद ३

अभिसारी उत्क्रांती. नातं नसलेले जीव एकसारखे होत जातात ती. अभिसारी भिंगात किरण एकत्र येतात तसं. अभिसारिकाही त्याच धातूची, ठरल्या जागी प्रियकराला भेटायला निघालेली. विगलेट आणि डिगलेट हे प्रेमी आहेत असा अर्थ कुणी काढू नये.

प्रतिसाद ५

इतका वेळ वाचत होतो, पण यंगूसवरून राहवलं नाही. अहो, तो आपला मुंगूस आहे! नुसता प्राणी नाही, शब्दसुद्धा. इंग्रजी ‘मंगूज’ची व्युत्पत्ती बहुतेक कोश मराठीतून देतात, त्यामागे द्राविडी मूळ. कानडीत मुंगुसी आहेच. इंग्रजीतून जपानीत ‘मांगूसु’ झाला, त्याला ‘यंग’ जोडून ‘यांगूसु’, आणि तो खेळात गेला.

खऱ्या मुंगसांचा प्रवासही असाच. 1872 मध्ये कलकत्त्याहून ती जमैकाला नेली, उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला. तिथून 1883 मध्ये हवाईला. फजिती अशी की उंदीर फिरतात रात्री आणि मुंगूस दिवसा. गाठ पडायची कशी? मुंगसांनी मग पक्ष्यांची अंडी खाल्ली. आमच्या वाडीत सकाळी दहाला मुंगूस अंगण ओलांडतं ते बघून आजी म्हणायची, आज काम होणार. हवाईत कुणाचंच झालं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मुंगसाचं वाचून मोठासुद्धा मोबाईल घेऊन बसला.

निवाडा असा झाला: खेळातल्याला ‘कायापालट’. काया पालटते, बस. उत्क्रांती अलोलातल्या उंदरासाठी राखून ठेवली. मॅजिकार्पचा ग्यारडॉस होतो त्यालाही कायापालट चालतो, कारण ती तर वेशीवरून उडी मारून ड्रॅगन झालेल्या माशाची चिनी दंतकथा, तिथे शास्त्राचा संबंधच नाही. एकच अडलंय. खेळात बी बटण दाबलं की कायापालट थांबतो. त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद १

त्याचाही खरा प्राणी आहे. मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल. जन्मभर कल्ले घेऊन पाण्यात राहतो, बालरूपातच अंडी घालतो. थायरॉइडचं संप्रेरक दिलं तर कल्ले जातात आणि जमिनीवर येतो. म्हणजे निसर्गाने बी दाबूनच ठेवलंय. शब्द म्हणाल तर ‘कायापालट खुंटला’.

धागाकर्ती

काकू, तुमच्या सांगण्यावरून कढीपत्ता बघितला. दोन अळ्या होत्या, एकीने काल कोश केला. धाकट्याने कुंडीला चिठ्ठी चिकटवली आहे: “कायापालट चालू आहे. फोडणीसाठी पानं तोडू नयेत.”