मदत हवी आहे: ऑपरेशननंतर कासव श्वास घेत नाहीये (रेड-इअर्ड स्लायडर, ठाणे) – तातडीचं

नौपाडा_व्हेट, दु. ४:०५
मंडळी, स्लायडर मादी, ९०० ग्रॅम, अडकलेली अंडी काढली. भुलीचा गॅस (आयसोफ्लुरेन) बंद करून दीड तास झाला. ठोके आहेत, श्वास शून्य. श्वास चालू करायचं औषध डॉक्सॅप्रॅम दिलं, फरक नाही. हीटिंग पॅड फुल करू का? पटकन सांगा.

वाशी_एक्झॉटिक, ४:११
पॅडला हात लावू नका. आधी हे सांगा: अंगातलं तापमान किती? खोलीचं नको, क्लोएकात (शेपटीखालच्या मार्गात) प्रोब घालून मोजा. श्वास देताय त्या बॅगेला ऑक्सिजन जोडलाय की साधी हवा? मिनिटाला किती वेळा दाबताय? वेदनाशामक कोणतं दिलंय?

घोडबंदरकर, ४:१३
मोजमापं नंतर, आधी ॲड्रिनलिन द्या. ०.१ मिग्रॅ प्रतिकिलो, स्नायूत. स्नॅपिंग टर्टल या कासवांमध्ये आयसोफ्लुरेननंतरची जाग यानं लवकर येते हे तपासलेलं आहे. कासवाच्या हृदयात रक्त फुप्फुसाला वळसा घालून परत शरीरात जातं. तो वळसा कमी झाल्याशिवाय गॅस बाहेर पडणार कसा?

नेरूळचे_जलचर, ४:१६
थंडीत ही कासवं मंदावतात, श्वास फार कमी घेतात. झोपेत गेली असेल, एवढं घाबरू नका.

वाशी_एक्झॉटिक, ४:१८
नेरूळकर, विषय भुलीचा आहे. शीतनिद्रेसाठी पाणी १० अंशांखाली उतरावं लागतं, ठाण्यात ते होत नाही.

नौपाडा_व्हेट, ४:२१
क्लोएका २१.५. ऑपरेशन थिएटरचा एसी २२ वर होता. श्वासनलिकेत नळी आहे, शंभर टक्के ऑक्सिजन, मिनिटाला दहा-बारा वेळा दाबतोय.

वाशी_एक्झॉटिक, ४:२७
अडलंय ते इथेच. एसी बंद करा. ऑक्सिजनची जोडणी काढा (श्वासनलिकेतली नळी राहू द्या), अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, खोलीतलीच हवा द्या.

२१ अंशांवर तिचं शरीर कार्बन डायऑक्साइड फार थोडा तयार करतं, आणि तुम्ही दहा-बारा वेळा दाबून तोही धुऊन काढताय. ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) श्वासाची मुख्य सूचना कार्बन डायऑक्साइड आणि आम्लतेकडूनच मिळते. वरून रक्त ऑक्सिजनने भरलेलं. मग मेंदूने श्वास मागावा कशासाठी?

आता मिनिटाला दोनदा, त्याहून जास्त नाही. दाब १० सेंमी उंच पाण्याच्या दाबापेक्षा कमी. बॅग लहान बाळाची घ्या. मागच्या पायांपुढच्या खाचेतली मऊ कातडी जराशी फुगली की थांबा. दोन्ही बाजूंची फुगतेय ना, तेही बघा. कासवाची श्वासनलिका लवकर दुभागते. नळी खोल गेली असेल तर एकच फुप्फुस भरतं.

घोडबंदरकर, ४:३१
दोनदा? आयसोफ्लुरेन फुप्फुसातूनच जातं. एवढं कमी दाबलं तर गॅस संध्याकाळपर्यंत आत राहील.

वाशी_एक्झॉटिक, ४:३४
गॅस बंद केल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं चार-सहा वेळा दाबा, माझी हरकत नाही. इथे दीड तास होऊन गेलाय. ॲड्रिनलिनला विरोध नाही, पण थंड कासवाला तेवढं एकटं पुरणार नाही.

बेलापूर_फिजिओ, ४:४०
तापमानाचा मुद्दा थोडा उलगडतो, कारण पॅडचा प्रश्न त्यातच सुटतो. डोनाल्ड जॅक्सन यांनी १९७१ मध्ये याच जातीवर दाखवलं की १० ते ३० अंशांमध्ये ऑक्सिजनची गरज अनेक पटींनी वाढते, पण फुप्फुसात येणारी-जाणारी हवा फारशी बदलत नाही. म्हणजे ऊब वाढली की गरजेच्या मानाने श्वास कमी पडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रक्ताचा पीएच (आकडा उतरला की आम्लता वाढते) दर अंशामागे साधारण ०.०१५ ने उतरतो. यात बिघाड काही नाही, मेंदू हे मुद्दाम राखतो. हिट्झिग आणि जॅक्सन यांनी १९७८ मध्ये जाग्या कासवांच्या मेंदूतल्या द्रवाची आम्लता बदलून श्वास बदलतो हे दाखवलं. प्रत्येक तापमानाला मेंदूचा ‘बरोबर’ पीएच वेगळा असतो. म्हणून रक्ताचं मशीन ३७ अंशांवर जो आकडा देतं, तो जसाच्या तसा धरून ७.४ च्या मागे लागू नका.

दुसरं, ऑक्सिजन कमी पडल्यावर श्वास वाढवण्याची सवयही ऊबेवर अवलंबून आहे. पेंटेड टर्टल या कासवांमध्ये १० अंशांवर ती अगदी क्षीण असते, ३० ला जोरदार. म्हणून नुसती साधी हवा देऊन भागणार नाही, ऊबही हवी. पण हवा सुरू ठेवूनच. श्वास न घेणारं कासव तापवलंत तर ऑक्सिजनची मागणी वाढेल आणि पुरवठा तेवढाच राहील.

वाशी_एक्झॉटिक, ४:४४
नेमकं. आणि पॅड पोटाखाली फुल केलात तर तिथली कातडी भाजेल, थंड कासवाचं रक्त ती उष्णता वाहून नेत नाही. बंद पेटीत हवा २९-३० ठेवा, तासाभरात क्लोएका २७ वर येऊ द्या. वेदनाशामकाचं अजून सांगितलं नाहीत, डॉक्टर.

नौपाडा_व्हेट, ४:४९
ब्युटॉर्फेनॉल, भुलीआधी. मेलॉक्सिकॅमसोबत.

वाशी_एक्झॉटिक, ४:५३
स्लायडरमध्ये ब्युटॉर्फेनॉल श्वास तासन्‌तास दाबतं आणि वेदना मात्र कमी करत नाही. मॉर्फिन वेदना कमी करतं, पण श्वास त्याहून जास्त दाबतं. पुढच्या वेळी ट्रॅमॅडॉल घ्या, त्यात श्वासावरचा परिणाम कमी असतो. आज वाट बघावी लागेल. मध्येमध्ये पुढचे पाय अलगद आत-बाहेर करा. कासवाला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नाही, पायांच्या हालचालीनेही हवा आत-बाहेर होते.

नेरूळचे_जलचर, ५:०२
बरी झाल्यावर मालकाला एवढं बजावा की नकोशी झाली म्हणून तलावपाळीत सोडू नका. आपली देशी कासवं आधीच जागेसाठी झगडतायत.

घोडबंदरकर, ५:०५
शंभर टक्के सहमत, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

नौपाडा_व्हेट, ५:५०
क्लोएका २६.५. मान पुढे आली, स्वरयंत्राचं तोंड उघडलं, एक श्वास आला. चार मिनिटांनी दुसरा. नळी काढू?

वाशी_एक्झॉटिक, ५:५३
नाही. आता बॅग मिनिटाला एकदा. स्वतःचे श्वास नियमित येऊ लागले, पाय ओढल्यावर ती मागे घेतेय आणि जबडा घट्ट मिटतेय, एवढं दिसलं की मगच नळी काढा. ठोक्यांवर जाऊ नका, कासवाचं हृदय मेंदू गेल्यावरही बराच वेळ चालतं. रात्रभर २७ वर, कोरडी. चोवीस तास पाण्यात सोडू नका, मान टाकली तर बुडेल.